समुद्र तापला, आमची हजेरी बुडाली

वाचकहो, २०१७ सालचा डिसेंबर आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. सहा डिसेंबरच्या अभिवादनासाठी गावोगावची माणसे दादरला जमत होती. शिवाजी पार्कवर मंडप पडले होते, पुस्तकांची दुकाने लागली होती. आणि पाच तारखेला पाऊस आला. मैदानात चिखल झाला, पुस्तके भिजली, लेकुरवाळ्या बायांना उभे राहायला कोरडी जागा उरली नाही. महानगरपालिकेने मग लोकांना जवळपासच्या शाळांमध्ये हलविले. आमच्या केडगावची मंडळीही त्यात होती. शाळेच्या व्हरांड्यात ओले लुगडे पिळता पिळता आमच्या गल्लीतल्या एका आजींनी आम्हांला विचारले, "ऐन थंडीत कुठला रं हा पाऊस, बाबा?"

आम्ही म्हणालो, "आजी, वादळ आलंय. ओखी नाव आहे त्याचं."

आजी म्हणाल्या, "वादळ तर मद्रासकडं येतं. रेडिओवर तेच ऐकत आले मी. मुंबईला कशाला आलं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. शिकलेला माणूस म्हणून गल्लीत आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, पण त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. पुढे वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, तेव्हा कळले की आजींच्या प्रश्नाचे उत्तर शिवाजी पार्कच्या मागेच होते. ते उत्तर म्हणजे तो समुद्र. आपण दरवर्षी त्याच्याकडे पाहतो आणि परत येतो. तो तापत चालला आहे, आणि त्याचे तापणे दोनशे किलोमीटर आत, केडगावच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते, हे आजच्या लेखात सांगावयाचे आहे.

समुद्र का तापतो?

आमचे शिक्षण बी.कॉम.चे आणि हिशेब लिहिणे हा पोटाचा धंदा, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. पृथ्वीच्या खात्यावर रोज सूर्याची उष्णता जमा होते आणि तितकीच उष्णता आकाशात परत जाऊन खर्ची पडते. जमा-खर्च बरोबर असला की ताळेबंद जुळतो. हजारो वर्षे तो जवळजवळ जुळत होता. मग कारखाने आले, आगगाड्या आल्या, वीजघरे आली, मोटारी आल्या. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो धूर निघतो, त्यात कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. गोधडी जाड झाली, आतली ऊब बाहेर जाईना. जमा तेवढीच राहिली, खर्च घटला, शिल्लक वाढत गेली.

ही शिल्लक कुठे साठते? आपल्याला वाटते, हवेत. पण हवेत तिचा अगदी थोडा हिस्सा राहतो. नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने आपल्या पोटात घेतली आहे. पाण्याला तापायला वेळ लागतो, हे घरच्या माउलींना सांगायला नको. रिकामी कढई चटकन लाल होते, पाण्याने भरलेला हंडा बराच वेळ चुलीवर ठेवावा लागतो. पण एकदा तापलेला हंडा विस्तव काढल्यावरही किती वेळ गरम राहतो? समुद्राचे तसेच आहे. उद्या सगळ्या जगाने धूर बंद केला, तरी खोल पाण्यात मुरलेली उष्णता शेकडो वर्षे निघावयाची नाही.

पुण्याला पाषाण येथे भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग शंभर वर्षांना सुमारे १.२ अंश सेल्सिअस या वेगाने तापत गेला. कोणी म्हणेल, सव्वा अंशात काय होते? घरातला तापमापक काढा. सव्वा अंश सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइटचे दोन अंशांहून थोडे जास्त. माणसाच्या अंगात ९८.६ च्या जागी तेवढे वाढले तर पारा शंभराच्या वर जातो, लेकरू अंथरुणातून उठत नाही, आणि आपण डॉक्टरकडे धावतो. इथे तर आख्ख्या महासागराच्या अंगात ताप आहे.

वादळे पश्चिमेला वळली

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. समुद्रावर वादळ उठायला इतर गोष्टी लागतात, तसे गरम पाणीही लागते. पाण्याचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर गेला की वादळाला भरपूर खाद्य मिळते. बंगालचा उपसागर पूर्वीपासून तापट, म्हणून वादळे तिकडे जास्त होत. आपला अरबी समुद्र त्या मानाने थंड होता. आजींनी आयुष्यभर रेडिओवर ऐकले ते खोटे नव्हते. पण समुद्र बदलला. १९८२ ते २००० ही १९ वर्षे आणि २००१ ते २०१९ ही पुढची १९ वर्षे यांची तुलना पुण्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसले. अति तीव्र वादळे तर त्याहून कितीतरी जास्त वाढली.

ओखीने केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार नेले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूला धडकले. कोकणातल्या लोकांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथून ते घाट चढून पुणे-नाशिककडे सरकले आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतही वारा-पाऊस घेऊन आले. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आले. त्यात मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावर असलेला 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. कोण होती ती? बहुतेक पोटासाठी देशभरातून आलेले कामगार. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. समुद्रात ते सहलीला गेले नव्हते, हजेरीवर गेले होते.

एकीकडे कोरडे, दुसरीकडे पूर

किनाऱ्यावरच्या लोकांचे असे. पण आपण तर घाटाच्या अलीकडे, पर्जन्यछायेत. नगरला पाऊस मुळातच कमी. आपला समुद्राशी काय संबंध?

संबंध असा की, आपल्या आडात, धरणात, पिकात येणारा थेंब न् थेंब समुद्रातूनच वाफ होऊन येतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे ढगाची गोणी मोठी झाली. मोठी गोणी भरायला वेळ लागतो, म्हणून मधले दिवस कोरडे जातात. पण ती फाटली की एकदम सगळे ओतते. दुसरी गोष्ट, मोसमी वारे समुद्रावरून जमिनीकडे ओढले जातात, ते जमीन तापलेली आणि समुद्र थंड असतो म्हणून. समुद्रच तापला तर तो फरक कमी होतो आणि ओढ मंदावते. म्हणून एकूण पाऊस अडखळतो, आणि येतो तेव्हा अंगावर येतो. मध्य भारताच्या ज्या पट्ट्यात आपला महाराष्ट्र आहे, तिथे १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे. त्या पावसाला बाष्प पुरविणारा मुख्यतः अरबी समुद्र.

आता आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आठवा. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ मध्ये काय झाले? मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस २६ मे रोजीच हजर झाला. त्याच आठवड्यात आपल्या नगर तालुक्यात वाळकी-खडकीच्या पट्ट्यात असा पाऊस पडला की ओढ्या-नदीचे पाणी घरांत शिरले. हीच गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात! पुढे सप्टेंबरमध्ये, आपल्या शेजारून कोरडी वाहणारी सीना नदी सोलापूर जिल्ह्यात गावे घेऊन गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमुक एका दिवसाचा पाऊस केवळ समुद्र तापल्याने पडला, असे बोट दाखविता येत नाही. दुष्काळ आणि पूर पूर्वीही होते. आमच्या वडिलधाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ सोसला आहे. लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली, बांध घातले. त्या वर्षी लांब तिकडे पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले होते, हे खडी फोडणाऱ्यांना कोण सांगणार? त्या तापण्याला 'एल निनो' म्हणतात. काही वर्षांच्या अंतराने ते आपोआप होते, आणि अशा वर्षी आपला पाऊस बहुधा दगा देतो. २०१५ आणि २०२३ या सालीही एल निनो होता. फरक एवढाच की, पूर्वी एल निनोचा ताप येऊन उतरत असे. आता अंगात आधीच बारीक ताप मुरलेला आहे, आणि त्यावर हा दुसरा चढतो.

कांद्याच्या खळ्यावरचा हिशेब

केडगावच्या शेजारी नेप्तीला कांद्याचा मोठा बाजार भरतो. आमच्या वस्तीतली कित्येक घरे त्या कांद्यावर उभी आहेत. शेत आमचे नाही, माल आमचा नाही, गाडी आमची नाही. आमचे काय, तर पाठ आणि हात. पुरुष हमाली करतात, गोण्या उचलतात. बाया खळ्यावर बसून कांदा निवडतात, पाती कापतात.

मे महिन्यात उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला असतो, किंवा चाळीत भरायचा असतो. नेमका तेव्हा पाऊस झाला की कांदा भिजतो, सडतो. शेतकरी रडतो, ते खरेच आहे, त्याचे दुःख आम्ही कमी लेखत नाही. पण पुढे काय होते? बाजारात आवक घटते, खळे बंद राहते, निवडायला बाया लागत नाहीत. गोणी नाही तर हमाली नाही. आठवड्याच्या सहा हजेऱ्यांपैकी दोन भरतात. पुढे कांदा महाग झाला की जो कांदा आम्ही वाहिला तोच आम्हांला पावशेर घ्यावा लागतो. भाव चढला काय आणि पडला काय, आमच्या वहीत खर्चाचीच बाजू भरते.

सुकटीचेही तसेच. आठवडे बाजारात मूठभर सुकट, चार बोंबील घेतले की गरिबाच्या घरी दोन वेळचे कालवण होते. वाढत्या लेकरांना त्यातून मांसाचे बळ मिळते. पण मासळी जगते ती समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर. त्यांना लागणारे खत खालच्या थंड पाण्यातून वर येते. वरचे पाणी तापले की ते तेलाच्या तवंगासारखे वरच राहते, आणि खालचे वर येत नाही. पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांत या वनस्पती वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. त्यात मोठ्या जहाजांनी बारीक जाळ्यांनी समुद्र खरवडून काढला, त्यामुळे कोळी बांधवांच्या हाती कमी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली पापलेटला राज्य मासा ठरविले, तेही तो जपला जावा म्हणून. गरिबाच्या सुकटीला मात्र कोणी जपत नाही.

कोणाचा धूर, कोणाचा ताप?

आता मुख्य हिशेब. ही गोधडी कोणी विणली? दोनशे वर्षे ज्या देशांनी कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळविली, त्यांचा वाटा त्यात सर्वांत मोठा. आजही भारतातला माणूस सरासरी जेवढा धूर सोडतो, तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आणि भारतातही सगळे सारखे नाहीत. एका घरी चार वातानुकूलित खोल्या आणि दाराशी तीन मोटारी. दुसऱ्या घरी एक पंखा, एक बल्ब आणि सायकल. धूर सोडण्यात ज्याचा हिस्सा चिमूटभर, त्याचे पत्रे आधी उडतात. नियतीकडे बोट दाखवून हे सोसायचे काम नाही. ज्या गोष्टीला कारण आहे तिला उपायही आहे, हे आपण शिकलो आहोत.

२०२५ च्या त्या पावसानंतर आम्ही काही दिवस संध्याकाळी कचेरी सुटल्यावर लोकांचे अर्ज लिहून देत होतो. घर पडले, भांडी वाहिली, शेळी मेली, पीक गेले. प्रत्येकासाठी कागदावर जागा होती. खळ्यावर काम करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांच्या घरात पाणी शिरले नव्हते. पण तीन आठवडे काम नव्हते, आणि किराणावाल्याची उधारी डोक्यावर होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, शेतकऱ्याचा कांदा सडला, ते सायबानं लिहून घेतलं. आमचा महिना सडला, तो कुठं लिहायचा?"

आम्ही कागद उलटून-पालटून पाहिला. सातबारा नसलेल्या माणसाच्या बुडालेल्या हजेरीला त्यात रकानाच नव्हता.

वाचकहो, हा रकाना आपण मागितला पाहिजे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना दाखले द्या. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने त्या धर्तीवर कायदा केला. हमालाला कोणी विचारत नव्हते तेव्हा १९६९ साली याच राज्यात माथाडी कायदा झाला. २०२१ साली दिल्लीत हवा दूषित झाली म्हणून बांधकामे थांबविली, तेव्हा बुडालेल्या रोजाबद्दल कामगारांना कल्याण निधीतून पैसे द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०२४ च्या उन्हाळ्यात 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने विम्यातून आपल्या सभासदांना अति उन्हाच्या दिवसांचे पैसे मिळवून दिले, आणि त्यात महाराष्ट्रातल्या बायाही होत्या. म्हणजे हवेने बुडविलेली हजेरी मोजता येते आणि भरूनही देता येते. मोजायची इच्छा हवी.

तोवर घरी काय करावे?

प्रत्येक घराने एक साधी वही घालावी. कोणत्या दिवशी पाऊस, ऊन किंवा वादळामुळे काम बुडाले, किती हजेरी गेली, ते तारखेसह लिहावे. मुले शाळेत जातात, त्यांच्याकडून लिहून घ्यावे. तोंडी गाऱ्हाणे विसरले जाते, लिहिलेला हिशेब नाकारता येत नाही. शंभर घरांच्या शंभर वह्या महापालिकेत आणि तहसिलीत टेबलावर ठेवल्या की बोलणे वेगळे होते.

बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षातले ९० दिवसांचे काम दाखवून कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी आणि तिचे वेळेवर नूतनीकरण करावे. घराचे नुकसान झाले तर आवरण्याआधी फोटो काढावेत आणि पंचनाम्याची मागणी लेखी द्यावी. आधारकार्ड, शिधापत्रिका, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवावेत. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या त्याच संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप मोबाइलवर घ्यावे, जवळ वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देते. दुपारच्या उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी मागण्याची लाज धरू नये. सावली आणि पाणी देणे हे मुकादमाचे उपकार नव्हेत.

पत्रे वाऱ्याने उचलू नयेत म्हणून पावसाळ्यापूर्वी तारेने आवळून घ्यावेत. गल्लीतला नाला मे महिन्याच्या आधीच साफ करून घ्यावा. जूनची वाट पाहू नये, कारण पाऊस आता जूनची वाट पाहत नाही.

त्या आजी आज हयात नाहीत. त्यांना त्या रात्री जे सांगता आले नाही, ते आम्ही इथे लिहिले आहे. पुढच्या सहा डिसेंबरला दादरला जाल तेव्हा लेकरांना घेऊन दोन मिनिटे त्या समुद्राकडे तोंड करून उभे राहा. त्यांना सांगा, हे पाणी तापले आहे, कोणी तापविले ते सांगा, आणि आपल्या आईची हजेरी त्यामुळे कशी बुडते तेही सांगा. मग घरी आल्यावर वही काढा.